जंत, गोगलगायी आणि पदवीधर

रत्नागिरी जिल्ह्यांत गिमवी नांवाचें एक खेडें आहे. १९५२ सालीं गाडगीळ व शहा या दोघां संशोधकांनीं तेथील रहिवाशांच्या एका व्याधीविषयीं निबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून या खेड्याचें नांव परदेशांतील वैद्यकीय ग्रंथांत जाऊन बसलें. तेथील कांहीं लोकांच्या लघवींतून रक्त जात असे. नाईल नदीच्या कांठीं ही व्याधि पिढ्यान् पिढ्या सर्वांच्या परिचयाची. तिचें कारण म्हणजे शिस्टोसोमा नांवाचा, रक्तवाहिन्यांत राहणारा एक जंत. हा जंत एका माणसाच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत सरळ जाऊं शकत नाहीं. त्याचीं अंडीं पाण्यांत पडावीं लागतात. त्यांतून निघालेल्या पिलाला विशिष्ट जातीची गोगलगाय भेटावी लागते. तिच्या पोटांत एका पिलाचीं हजारों पिलें होतात. आणि मग तीं पाण्यांत उतरून, त्या पाण्यांत पोहणाऱ्याच्या किंवा धुणें धुणाऱ्याच्या कातडींतून नकळत आंत शिरतात. आफ्रिकेंत ज्या जातीच्या गोगलगायी हें मध्यस्थाचें काम करतात त्या कोंकणांत नाहींत. मग गिमवीस हा जंत जगला तरी कसा? शोध करतां करतां फेरिशिया टेन्युइस नांवाची, टोपीसारखें कवच असलेली आणि लांबीला अवघी कांहीं मिलिमीटर भरणारी एक गोगलगाय संशोधकांच्या हातीं लागली. ओढ्यांतील दगड उचलून पाहणाऱ्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाच्या ती दृष्टीसहि पडावयाची नाहीं.

रोग्याला कोणतें औषध द्यावें हा डॉक्टरचा प्रश्न झाला. परंतु हा जंत याच गांवीं कां, दुसऱ्या गांवीं कां नाहीं; पाणी, शेवाळ, गोगलगाय, गुरें आणि माणसांच्या रोजच्या संवयी यांची कोणती जुळणी झाली म्हणजे त्याचें बस्तान बसतें आणि कोणती मोडली म्हणजे तें उठतें, हा प्रश्न निराळ्या शास्त्राचा आहे. त्याला परोपजीवी प्राण्यांचें परिस्थितिविज्ञान म्हणतां येईल. नांव लांबलचक आहे खरें, पण विषय घरगुती आहे. एका प्राण्याच्या अंगांत घर करून राहणारा दुसरा प्राणी, त्याचे यजमान, त्या यजमानांना खाणारे प्राणी आणि हीं सर्व मंडळी ज्या तळ्यांत, रानांत किंवा समुद्रांत नांदतात तें स्थळ, यांचा एकत्र विचार म्हणजे हें शास्त्र.

आतां अशी कल्पना करावी कीं, प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलगी एके दिवशीं जेवतांना सांगते कीं, तिला पुढें जंतांवर संशोधन करावयाचें आहे. आईचा घांस हातींच राहतो. वडील विचारतात कीं, यांत मिळवायचें काय आणि खायचें काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हौसेच्या नांवाखालीं ते उडवून लावणें बरें नव्हे. म्हणून दोहोंचीं उत्तरें क्रमानें पाहूं.

मिळवायचें काय, हें प्रथम. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्पिंटेरिया नांवाची खाऱ्या पाण्याची एक दलदल आहे. सँटा बार्बारा येथील युनिव्हर्सिटीचे आर्मंड क्युरिस आणि केव्हिन लॅफर्टी यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं कित्येक वर्षें ती पायाखालीं घातली. कोण कोणाला खातो, याचे नकाशे शाळेच्या पुस्तकांतहि असतात : गवताला टोळ, टोळाला बेडूक, बेडकाला साप. या मंडळींनीं त्या दलदलीचा तसाच नकाशा काढला, पण त्यांत जंतांनाहि जागा दिली. २००६ सालीं तो प्रसिद्ध झाला तेव्हां असें दिसलें कीं, त्यांतील धाग्यांपैकीं सुमारें पाऊणशें टक्के धाग्यांच्या एका टोकाला कोणता ना कोणता परोपजीवी आहे. म्हणजे आजवरच्या नकाशांतून पाऊण गोष्ट वगळलेलीच होती! दोन वर्षांनीं त्यांनीं अशा तीन खाड्यांतील जंतांचें वजनच केलें. एक प्रकारच्या चपट्या जंतांचीं पोहणारीं पिलें वर्षभरांत गोगलगायींतून जितकीं बाहेर पडतात त्यांचें एकंदर वजन तेथील सर्व पक्ष्यांच्या वजनाहून अधिक भरलें.

याच खाड्यांत बोटाएवढा एक मासा असतो. युहाप्लॉर्किस नांवाचा जंत त्याच्या मेंदूवर कोष करून बसतो. त्या जंताला पुढें जावयाचें असतें पक्ष्याच्या आंतड्यांत. पण मासा शहाणा असेल तर तो पक्ष्याच्या वाऱ्यालाहि उभा राहणार नाहीं. म्हणून कीं काय, जंत लागलेला मासा पृष्ठभागाशीं येऊन गिरक्या घेतो, अंग थरथरवितो, पांढरें पोट चमकवितो. लॅफर्टी आणि मॉरिस यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, निरोगी माशापेक्षां असा मासा पक्ष्याच्या चोंचींत सांपडण्याचा संभव दहा ते तीस पटींनीं जास्त असतो. पक्ष्याच्या विष्ठेंतून अंडीं चिखलांत पडतात, गोगलगाय तीं खाते आणि चक्र पुन्हां सुरू होतें. पक्ष्याला फुकटची मेजवानी मिळते, जंताला वाहन मिळतें. मासा मात्र दोघांच्या सोयीसाठीं बळी जातो.

जपानांतील उदाहरण याहूनहि विलक्षण आहे. केंसासारखा लांब एक जंत रातकिड्यांच्या पोटांत वाढतो आणि प्रौढ झाल्यावर त्यांना पाण्यांत उडी घ्यावयास लावतो, कारण त्याची वीण पाण्यांतच होते. ताकुया सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं हिशेब मांडून दाखविलें कीं, एका डोंगरी ओढ्यांतील ट्राउटच्या जातकुळींतील माशांना वर्षाकाठीं जें अन्न मिळतें त्याच्या पोषणापैकीं सुमारें साठ टक्के या आत्मघातकी रातकिड्यांकडूनच येतें. जंत नाहींसा झाला तर मासा उपाशी मरेल, असें एखाद्या कीर्तनकारानें सांगितलें असतें तर कोणी विश्वास ठेवला नसता.

हें सर्व झालें कौतुकाचें. पण या विद्येचा माणसाच्या जिवाशीं किती संबंध आहे, हें पाहावयाचें तर सेनेगल देशाकडे वळावें लागतें. सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ सालीं दियामा येथें धरण पुरें झालें. समुद्राचें खारें पाणी नदींत चढूं नये आणि उंसाला व भाताला गोडें पाणी मिळावें हा हेतु उत्तम होता, आणि तो सफळहि झाला. पण दोनच वर्षांत, १९८८ सालीं, वरच्या बाजूस रिशार-टोल या उंसाच्या गांवीं गिमवीच्या जंताचाच एक भाऊबंद, आंतड्यांना पीडा देणारा, प्रकट झाला आणि बघतां बघतां तो भाग त्या रोगानें व्यापला. पाणी वर्षभर गोडें व संथ झालें, पाणवनस्पति माजल्या, गोगलगायी वाढल्या. शिवाय आणखी एक गोष्ट घडली. त्या नदींत मोठ्या जातीचीं कोळंबी असत. तीं गोगलगायी खातात. पण त्यांना विणीसाठीं खाडीच्या मचूळ पाण्यांत उतरावें लागतें, आणि ती वाट धरणानें बंद केली. सुझॅन सोकोलॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका गांवाच्या पाणवठ्यावर जाळें लावून आंत तीं कोळंबी पुन्हां सोडलीं आणि गोगलगायी व माणसांतील रोग दोन्ही कमी झाल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें जेसन रोर यांच्या मंडळींनीं दुसरी युक्ति केली. गोगलगायींना आसरा देणाऱ्या पाणवनस्पतीच पाणवठ्यांतून उपटून काढल्या आणि त्यांचें खत व गुरांचा चारा केला. अशा गांवांतील शाळकरी मुलांत जंताची बाधा कमी आढळली, असें २०२३ सालीं त्यांनीं दाखविलें. औषध तर द्यावेंच लागतें. पण औषध घेतलेलें मूल दुसऱ्या दिवशीं त्याच पाण्यांत उतरतें, याला गोळीजवळ उत्तर नाहीं.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाहीं. नारूची आठवण जुन्या मंडळींना असेलच : पायाला फोड येणें, त्यांतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावणें, आणि काडीला गुंडाळून तो रोज थोडथोडा ओढून काढणें. पायऱ्यांच्या विहिरींत रोगी पाय बुडवी, जंताचीं पिलें पाण्यांतील सायक्लॉप्स नांवाच्या सूक्ष्म जीवांत शिरत, आणि तेंच पाणी घागरींतून घराघरांत जाई. या जंतावर ना लस होती ना खात्रीचें औषध. तो हटला तो पाणी गाळल्यानें, पायऱ्या बुजविल्यानें, नळ आल्यानें. म्हणजे त्याच्या प्रवासाची एक कडी तोडल्यानें. भारतांतील अखेरचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला आणि २००० सालीं देश नारूमुक्त असल्याचा दाखला मिळाला. जगांत १९८६ च्या सुमारास पस्तीस लक्ष माणसांना हा रोग होता. २०२३ सालीं तो फक्त चौदा माणसांना झाला. मात्र २०१२ पासून चाड देशांत कुत्र्यांच्या अंगांतून नारू निघूं लागला आहे. हा जंत माणसाला सोडून कुत्र्याकडे कसा वळला, मासे आणि बेडूक यांच्यामार्फत तो येतो काय, हें शोधून काढणें हेंच तेथील तरुण संशोधकांचें काम होऊन बसलें आहे.

घराजवळचें अगदीं ताजें उदाहरण सिंधुदुर्गांतलें. क्यासनूर रानांतील ताप, ज्याला लोक माकडताप म्हणतात, तो १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांत प्रथम ओळखला गेला. तो पसरविणारी गोचीड. २०१६ पासून तो सिंधुदुर्गांत, काजूच्या बागांत आणि रानांत काम करणाऱ्या माणसांत दिसूं लागला. त्याचा विषाणु पुण्याच्या संस्थेंत ओळखतां येतो. परंतु रान तोडून बाग केली म्हणजे गोचिडी कोठें वाढतात, कोणत्या उंदरांच्या व माकडांच्या अंगावर पोसतात, कोणत्या महिन्यांत खालीं उतरतात, हें रानांत जाऊन मोजल्यावांचून कळावयाचें नाहीं. असें मोजणारीं माणसें जितकीं हवींत तितकीं नाहींत. ‘यांत मिळवायचें काय’ या प्रश्नाला याहून सरळ उत्तर देतां येणें कठीण आहे.

विद्यार्थी प्रत्यक्षांत करतो काय, हें सांगितल्यावांचून घरच्यांचें समाधान होणार नाहीं. तो चिखलांत उतरून शेंकड्यांनीं गोगलगायी गोळा करतो, त्यांना मोजपट्टी लावतो, हातोडीनें कवच फोडतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीं जंत ओळखतो. संध्याकाळपर्यंत पाठ मोडून येते. बहुतेक गोगलगायींत कांहींच नसतें, आणि ‘कांहीं नाहीं’ हेंहि वहींत लिहावें लागतें. जंतांची एक खोड अशी कीं, ते यजमानांत सारखे वांटलेले नसतात. थोड्या यजमानांत पुष्कळ आणि पुष्कळांत मुळींच नाहींत. त्यामुळें दहा मासे कापून काढलेली सरासरी निव्वळ फसवी ठरते. येथें गणिताचा प्रवेश होतो. रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनीं १९७८ सालीं या विषमतेला समीकरणांत बसविलें, आणि एखादा जंत यजमानांच्या संख्येला लगाम केव्हां घालतो, तिला हेलकावे केव्हां देतो, हें कागदावर दाखविलें. वीस वर्षांनीं इंग्लंडच्या उत्तर भागांतील माळरानावर पीटर हडसन व सहकाऱ्यांनीं ग्राउस पक्ष्यांना जंतांचें औषध पाजून पाहिलें, तेव्हां त्यांच्या संख्येंत दर थोड्या वर्षांनीं येणारा मोठा उतार पुष्कळ सौम्य झाला. म्हणून गणिताचा अगर संख्याशास्त्राचा पदवीधरहि या क्षेत्रांत परका नाहीं; उलट त्याची वाटच पाहिली जाते.

ज्याला चिखल नको त्याच्यासाठीं बरण्या आहेत. सिॲटल येथील वॉशिंग्टन युनिव्हर्सिटींत चेल्सी वुड यांच्या प्रयोगशाळेनें म्यूझियममध्यें स्पिरिटांत ठेवलेले मासे बाहेर काढले. सर्वांत जुना १८८० सालचा, सर्वांत नवा २०१९ चा. आठ जातींचे ६९९ मासे. प्रत्येकाला हलक्या हातानें उघडून आंतील जंत मोजले व मासा पुन्हां बरणींत ठेवला. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्या जंतांना आयुष्य पुरें करण्यास तीन किंवा अधिक यजमान लागतात ते दर दशकास सुमारें अकरा टक्क्यांनीं घटत आले आहेत, आणि समुद्र जसजसा तापला तसतसे ते ओसरले. जंत नाहींसे झाले तर वाईट काय, असें कोणीहि विचारील. पण वर सांगितलेला रातकिड्यांचा हिशेब आठवावा. शिवाय तीन यजमानांचा संसार मोडतो तो त्यांतला एखादा यजमान अडचणींत आला म्हणूनहि मोडत असेल; तेव्हां जंताची घट ही कित्येकदां इतरांच्या दुखण्याची पहिली खूण असूं शकते.

त्याच प्रयोगशाळेंतील नॅटली मास्टिक या डॉक्टरेटच्या विद्यार्थिनीनें तर डब्यांतला मासाच संशोधनास घेतला. सॅमन माशांचे १९७९ ते २०२१ पर्यंतचे जुने, मुदत संपलेले डबे एका व्यापारी संघानें देऊं केले. तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं असे १७८ डबे फोडून मांसाच्या तुकड्यांतील शिजून मेलेले जंत मोजले. चारांपैकीं दोन जातींच्या माशांत ते काळाबरोबर वाढलेले आढळले, दोन जातींत कायम राहिले. या जंताचा शेवटचा यजमान सील, व्हेल यांसारखे सागरी सस्तन प्राणी. १९७२ च्या अमेरिकन कायद्यानें त्यांना संरक्षण मिळालें व त्यांची संख्या वाढली, तेव्हां जंतांची ही वाढ समुद्र सुधारत असल्याची खूण असावी, असा तर्क तिनें मांडला. ज्याला इतर लोक केर म्हणून फेंकतात त्यांत बेचाळीस वर्षांचा इतिहास पाहण्याची ही दृष्टि शिकवून येते कीं उपजत असते, हा वादाचा विषय आहे. परंतु तिला वाव देणारी प्रयोगशाळा लागते हें निर्विवाद.

आणि हें काम सातासमुद्रांपलीकडेच होईल असें नाहीं. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १९१६ सालीं स्थापन झाली. तिची शाखा पुण्यासहि आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. अशा संस्थांच्या कपाटांतून जुने नमुने ठेवलेले असतात. परवानगी मिळविण्याची चिकाटी असेल तर त्यांच्या पोटांतहि आपल्या नद्यांचा व समुद्राचा इतिहास वाचतां येण्याजोगा आहे.

आतां ‘खायचें काय’. भारतांत या कामाचा राजमार्ग एम. एस्सी. नंतर सुरू होतो. सी. एस. आय. आर. आणि यू. जी. सी. यांची नेट परीक्षा वरच्या श्रेणींत उत्तीर्ण झाल्यास कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ति मिळते. ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरलेली आहे, आणि दोन वर्षांनंतर कामाची तपासणी होऊन ४२,००० होते. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील परिस्थितिविज्ञान केंद्र, देहरादूनची वन्यजीव संस्था, हैद्राबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्राची वन्यप्राण्यांसाठीं असलेली प्रयोगशाळा अशा ठिकाणीं जावयाचें तर स्पर्धा कडक असते.

अमेरिकेंत पद्धति निराळी आहे. तेथें डॉक्टरेटसाठीं एम. एस्सी. असलीच पाहिजे असें नाहीं, चांगला बी. एस्सी. सुद्धां, त्याची पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची मानली गेल्यास, थेट घेतला जातो. या शास्त्रांत निवड झालेल्या विद्यार्थ्याला बहुधा फी भरावी लागत नाहीं. उलट, खालच्या वर्गांना शिकविण्याच्या किंवा प्राध्यापकाच्या संशोधनांत हात लावण्याच्या मोबदल्यांत निर्वाहापुरतें वेतन मिळतें. पांच-सहा वर्षें लागतात. श्रीमंती नाहीं, पण वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीला हात लावावा लागत नाहीं, ही गोष्ट मध्यम स्थितींतील घरांत सांगण्यासारखी आहे. दुय्यम पदवी, म्हणजे मास्टर्स, हिच्यासाठीं मात्र पुष्कळ ठिकाणीं पैसे स्वतःचे घालावे लागतात. तेथें सावध असावें. डॉक्टरेटनंतर प्राध्यापकाची जागा मिळेलच असें कोणी सांगत असेल तर तें खरें मानूं नये. जागा थोड्या आणि उमेदवार फार अशीच तेथीलहि स्थिति आहे. पण रोगनियंत्रण, मत्स्यव्यवसाय, पशुवैद्यक व वन्यप्राणिसंरक्षण या खात्यांत अशा शिक्षणाचा उपयोग होतो. सरकारी मदतीवर चालणारी प्रयोगशाळा धोरण बदलतांच अडचणींत येऊं शकते, हेंहि आधींच माहीत असलेलें बरें.

तेथील प्रवेशांत एक बाब इकडच्या विद्यार्थ्यांना नेहमीं गोंधळांत पाडते. अर्ज विद्यापीठाकडे जातो, पण निवड पुष्कळ अंशीं एका प्राध्यापकाच्या शब्दावर होते. म्हणून अर्जाच्या मुदतीपूर्वीं दोन-तीन महिने त्या प्राध्यापकाला पत्र लिहावें लागतें. इकडील मुलें पत्राच्या आरंभीं ‘परमपूज्य’पासून सुरुवात करून आपले सर्व गुण, सर्व परीक्षांचे टक्के आणि आईवडिलांचा आशीर्वाद इतकें सगळें लिहितात, आणि एकच पत्र चाळीस ठिकाणीं धाडतात. त्यांतलें एकहि वाचलें जात नाहीं. पत्र अर्ध्या पानाचें असावें. प्राध्यापकाचा एखादा निबंध खरोखर वाचून त्यांत न सुटलेला असा एक प्रश्न विचारावा, आपण स्वतः काय केलें आहे तें सांगावें, आणि नवा विद्यार्थी घेण्यास त्यांच्याकडे जागा व पैसा आहे काय, हें सरळ विचारावें. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनीं एकदां आठवण करावी. त्यानंतर दुसरें दार ठोठावावें.

‘स्वतः काय केलें’ या रकान्यासाठीं फार साधन लागत नाहीं. बाजारांतून आणलेल्या बांगड्यांचें पोट घरींच साफ होतें. आंतड्यांभोंवतीं गुंडाळी करून बसलेले बारीक जंत बहुतेक गृहिणींनीं पाहिलेले असतात. आठवड्याला वीस बांगडे, प्रत्येकाची लांबी, बाजार, तारीख आणि जंतांची संख्या, अशी वही मुलीनें एक वर्षभर ठेवली तर हजारावर माशांची नोंद होते. कोणत्या महिन्यांत जंत अधिक, मोठ्या माशांत अधिक कीं लहान, हें तिला तिच्या वहींतूनच दिसूं लागेल, आणि अर्ध्या पानाच्या पत्राला लागणारा मजकूर तयार होईल. आईनें मात्र मासे साफ करण्याचें काम वर्षभर तिच्यावर सोंपविलें पाहिजे.